टाकी लावलेली फरशी

भोपाळच्या कडेला एका सरकारी कारखान्याची वसाहत होती. तिला आपण यंत्रनगर म्हणू. तिथल्या क्वार्टरांतल्या न्हाणीघरांची हकिगत आधी सांगितली पाहिजे.

वसाहतीच्या इस्पितळातून दरवर्षी कारखान्यात एक तक्ता जाई. त्यात बायकांचं न्हाणीघरात घसरून पडणं फार दिसे. कुणाचं मनगट मोडलेलं, कुणाचं कपाळ फुटलेलं, कारण मात्र एकच. सेफ्टीचे साहेब मनाचे मऊ. त्यांनी सिव्हिलची माणसं घरोघरी पाठवली आणि पाट्याला टाकी लावतात तशी प्रत्येक न्हाणीच्या फरशीला टाकी लावून घेतली. छिन्नीनं ठोकून फरशी अशी खरखरीत झाली, की बायका तिच्यावर टाचा घासू लागल्या. पुढच्या वर्षीही बायका घसरल्याच.

हसू आलं ना? साहेबांनाही आलं. ते म्हणाले, "इन औरतों का ध्यान कहाँ रहता है?"

तर ह्या यंत्रनगरात टेंभेकरांचं घर होतं, मूळचं नागपूरचं. सासूबाई इंदुमती, त्यांना सगळे माई म्हणत. थोरला भालचंद्र, क्वार्टर त्याच्या नावावर. त्याची बायको वैजयंती इस्पितळाच्या रेकॉर्डखोलीत नोकरीला. धाकटा विलास कारखान्यात, आणि त्याची बायको कल्पना, उज्जैनची. माईंना कीर्तनाचं विलक्षण वेड. टाळ वाजला की त्यांच्या डोळ्यांना धार लागे, आणि ती धार खरी होती, हे मी आधीच सांगून ठेवते. बुवांना घरी बोलवावं, पाटावर बसवून हार घालावा, सगळ्या वसाहतीनं आपल्या अंगणात हरिनाम ऐकावं, ही त्यांची वर्षाची हौस. ह्या खेपेला गुरुवार ठरला होता.

बुधवारी सकाळी वैजयंती ओट्याशी पोळ्या लाटत होती. माई देवघरात वाती वळत होत्या. मधल्या खोलीतून कल्पनाचा हलका आवाज आला.

"शुक्रवारी जाऊ का हो? आईला बघून लगेच परत येते."

"उद्या घरात एवढं कीर्तन, और तुझे मायके की पड़ी है?" विलासचा आवाज चढला.

"कीर्तन झाल्यावरच म्हणतेय मी. सगळं आवरून..."

"उलटं बोलतेस?"

वैजयंतीनं नळ मोठा केला. ही त्या घरातली रीत होती. कुणी शिकवली नव्हती, पण आवाज चढले की तिचा हात आपोआप नळाकडे जाई आणि माई जरा मोठ्यानं नामस्मरण करू लागत. पाण्याच्या धारेतूनही लाकूड आपटल्यासारखा एक आवाज आला. मग काहीच नाही.

कल्पना दारात आली तेव्हा तिचा डावा खांदा खाली लोंबला होता आणि उजव्या हातानं तिनं डावा हात पोटाशी धरला होता. कुणी काही विचारायच्या आत माई म्हणाल्या, "न्हाणीत घसरली बिचारी. विलास, रिक्षा आण रे."

इस्पितळात एक्स-रेवाला म्हणाला, मंगळसूत्र काढा. माईंनी ते काढून आधी कल्पनाच्या मनगटाला पिवळा दोरा बांधला, मगच तिला आत जाऊ दिलं. गळ्याजवळचं हाड, ज्याला भोपाळात हंसली की हड्डी म्हणतात, मधोमध मोडलं होतं. नेमकं जिथं मंगळसूत्र टेकतं तिथंच. खांदे मागे ओढून पट्टा बांधला आणि तिला बायकांच्या वॉर्डात ठेवून घेतलं.

गुरुवारी सकाळी वैजयंती ड्यूटीआधी वॉर्डात गेली. कल्पनाला हात वर नेता येत नव्हता, म्हणून ती तिची वेणी घालू लागली. माई स्टुलावर बसून सफरचंद चिरत होत्या.

"छुट्टी आजच घे बरं," माई प्रेमानं म्हणाल्या. "संध्याकाळी तू दिसली नाहीस तर लोक काय म्हणतील? पुढं बस, बुवांचे पाय धर. हाड अन् मन, दोन्ही जुळून येतं त्यानं."

"माई, मी उज्जैनला..."

"जाशील ना. काहून घाई करतेस? आधी बरी तर हो."

त्यांनी सफरचंदाची फोड स्वतः तिच्या तोंडात घातली. कल्पनाला ती चावून गिळावी लागली.

दुपारी कल्पनाचे कागद रेकॉर्डखोलीत आले. वैजयंतीचं काम सांगायला सोपं: डॉक्टरांनी लिहिलेला आजार वाचायचा आणि जाडजूड इंग्रजी पुस्तकातून त्याचा क्रमांक घालायचा. त्या इस्पितळात क्रमांक पडल्याशिवाय रुग्णाला सुट्टी होत नसे. गळ्याजवळचं हाड मोडलं, की एस बेचाळीस पॉइंट शून्य. पण तेवढ्यानं भागत नाही. हाड कशानं मोडलं, त्याचा दुसरा क्रमांक लागतो. पडण्याचे वेगळे, गाडीच्या धडकेचे वेगळे, आणि नवऱ्यानं छळलं तर त्याचाही वेगळा, वाय शून्य सात. दूरदेशी कुणी शहाण्या माणसांनी जगभरची दुखणी मांडली, तेव्हा हेही असतं असं मान्य करून त्याला जागा ठेवली. यंत्रनगरात ती जागा आजवर कोरी होती. इतक्या वर्षांत वैजयंतीनं पडण्याचाच क्रमांक घातला होता, कारण कागदावर तेच असे. नसलेलं घालायचा तिला अधिकार नव्हता.

आताही कागदावर तेच होतं. तिनं पेन उचललं. कानात नळ वाहू लागला. पेन ठेवून ती कागद घेऊन कल्पनाला तपासणाऱ्या डॉक्टर रजनी माथुरांकडे गेली.

"मॅडम, कारण पुन्हा विचाराल का?"

"पेशंट ने खुद कहा है, फिसल गई."

"तेव्हा सासू शेजारी उभी होती."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "वैजयंतीजी, मैंने मारपीट लिखी तो पुलिस को खबर जाएगी. आपका ही घर है. सोच लिया?"

तिनं सोचलं नव्हतं. क्वार्टर नवऱ्याच्या नावावर, नवरा भावाच्या बाजूचा. आज रात्री आपण कुठं निजणार, हेही तिला ठाऊक नव्हतं. "विचारा तुम्ही," एवढंच ती म्हणाली.

माईंना डॉक्टरांनी बाहेर बसवलं. पडदा ओढला. विचारलं. कल्पना छताकडे बघत म्हणाली, "फिसल गई."

"कल्पना, खरं सांग ग."

कल्पनानं मान वळवली. "वहिनी, तुम्ही तर घरातच होतात. तुम्हाला माहीत आहे. मग मलाच कशाला विचारता?"

वैजयंतीला पळून जायचं तर आडवा एक पडदाच होता. पण ती पलंगाच्या कडेवर बसली आणि डॉक्टरांकडे बघून बोलली.

"मी ओट्याशी होते. हिला मारताना मी ऐकलं. ह्या आधीही ऐकलंय. आवाज येऊ नये म्हणून मी नळ मोठा करते. विचारतील तिथं मी हेच सांगेन."

मग कल्पनाचे ओठ हलले. "पाटानं मारलं. बुवांसाठी धुऊन ठेवला होता ना, त्यानं."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. वैजयंतीनं खाली जाऊन वाय शून्य सात घातला. हवालदार आला, जबाब झाला, विलासला चौकीवर बोलावणं गेलं. कल्पनाला तिचे भोपाळातले काका तुलसी नगरला आपल्या घरी घेऊन गेले. मंगळसूत्र माईंच्या कमरेच्या पिशवीतच राहिलं.

भालचंद्र इस्पितळाच्या फाटकाशी वैजयंतीला भेटला. "घराची इज्जत रस्त्यावर आणलीस. आता घरात पाय कसा ठेवतेस बघतो."

ती तरीही गेली. कारण संध्याकाळी सगळी वसाहत तिथं येणार होती.

अंगणात सतरंज्या पडल्या होत्या, पेटीवाला सूर जुळवत होता. बुवांना हार घालायला मधोमध पाट मांडला होता, एका कोपऱ्याशी ताजी चीर गेलेला. शेजारच्या शशिकलाबाईंनी विचारलं, "माई, धाकटी दिसत नाही?"

"न्हाणीत पडली हो," माई म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या, आवाज मात्र पार बसला होता. "काकांकडे गेलीय आरामाला."

वैजयंतीनं पुढं होऊन पाट उचलला आणि छातीशी धरला.

"माई, आपल्या न्हाणीला टाकी लावलीय. तिथं पाय घसरत नाही. विलासभाऊजींनी ह्या पाटानं मारलं तिला. मी घरात होते, तुम्हीही होतात. ह्यावर बुवांना बसवायचं?"

पेटीचा सूर तुटला. भालचंद्र दारातून दोन पावलं पुढं आला आणि इतक्या डोळ्यांपुढं थबकला. बुवा वयस्कर होते. खांद्यावरचं उपरणं सारखं करून खाली सतरंजीवर, बायकांच्या बाजूला जाऊन बसले. माईंनी पदर डोळ्यांना लावला. ते पाणी कुणासाठी होतं, देव जाणे.

शशिकलाबाई आपलं वाकडं जुळलेलं मनगट पदराखालून बाहेर काढून हळूच म्हणाल्या, "आमच्याही न्हाणीला लावलीय हो टाकी."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आमच्याही."

देव हाकेला धावतो, असं आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. पण त्याच्या कानापर्यंत हाक जायची तर मधला नळ कुणीतरी बंद करायला हवा. शेजारच्या घरात पाणी एकाएकी जोरानं वाहू लागलं, तर आपली वही-पोथी मिटा, उठा आणि जाऊन त्यांचं दार वाजवा.