अंगणच वाकडं

फक्कीमामांना क्लबमध्ये सगळेच मामा म्हणत. गोलकीपर म्हणे, कोच म्हणे, आणि चहा देणाऱ्या बाई मामांपेक्षा सात वर्षांनी मोठ्या, त्याही मामाच म्हणत. अठ्ठावीस वर्षं ते क्लबच्या दोन्ही मैदानांचं गवत कापत होते, पाणी मारत होते आणि फक्कीचं यंत्र ढकलत पांढऱ्या रेषा आखत होते. त्यांच्या भुवया वयाने पांढऱ्या झाल्या होत्या की फक्कीने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण एवढ्या गोतावळ्यात खरा भाचा एकच होता, नऊ नंबरची जर्सी घालणारा. थोरल्या बहिणीचा मुलगा. आणि गेला महिनाभर तो मामांशी कामापुरतंच बोलत होता.

झालं होतं असं, की संघाला गोल करता येईनासे झाले होते. गेल्या हंगामात हाच संघ, हेच खेळाडू, चौथ्या क्रमांकावर होते. यंदा शेवटून दुसरे. बचाव ठीक, मधली फळी ठीक, पण आघाडीची फळी म्हणजे आनंदीआनंद. त्यांचा डाव साधा होता. दोन्ही कडांचे दोघे रेषेला चिकटून पळायचे, तिथून गोलसमोर उंच चेंडू टाकायचे, आणि नऊ नंबरने दूरच्या खांबापाशी उडी मारून तो डोक्याने आत ढकलायचा. सरावात हा डाव असा जमायचा की बघत राहावं. सामन्यात मात्र चेंडू कुठे आणि भाचा कुठे! सलग अकरा सामने त्याच्या नावावर गोल नव्हता.

कारणं शोधायला सगळं गाव उठलं. अध्यक्षांनी जर्सीचा रंग बदलला. वर्तमानपत्राने लिहिलं की खेळाडू माजलेत. कोचने मनाचे डॉक्टर आणले. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून खोल श्वास घ्यायला लावले, आणि पुढच्या सामन्यात पोरांनी अगदी शांत मनाने तीन गोलांनी मार खाल्ला.

या सगळ्यात भाचा एकदा मामांपाशी आला होता. ड्रेसिंग रूममध्ये बूट काढता काढता सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, मला मॅचचं ग्राउंड मोठं वाटतं रे. तुझ्या सरावाच्या मैदानात आणि त्याच्यात काहीतरी फरक आहे."

मैदानाला बोल लागला, की मामांचं डोकं फिरायचं. "नाचता येईना, अंगण वाकडं!" ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं रेषा आखतोय मी. रेषांना नावं ठेवू नकोस. चेंडूला भ्यायला लागलायस, ते बघ आधी."

सगळे हसले. भाचा हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मामांना बाकीच्यांसारखं "अहो मामा" म्हणायला लागला. आयुष्यभर ज्या पोराने अरे-तुरे केलं, त्याचं ते "अहो" मामांना दाढेत अडकलेल्या सुपारीसारखं टोचत राहिलं. पण आपणहून बोलतील तर ते मामा कसले?

अकराव्या सामन्यानंतरच्या सोमवारी सकाळी मामा सामन्याच्या मैदानावर बादली घेऊन खड्डे भरत होते. बुटांच्या खिळ्यांनी उखडलेल्या जागी वाळू आणि बी घालायचं, पायाने दाबायचं, पुढे सरकायचं. रविवारी हरलेल्या संघाचं सोमवारी हेच काम उरतं. मोबाइल वाजला. ताई होती.

"पेपरात आलंय, त्याला काढणार म्हणे. खरं का?"

"पेपरवाल्यांना काय, काहीही छापतात."

"तू मला खरं सांग. तुझ्या भरवशावर पाठवला होता मी त्याला. रात्री फोनवर म्हणाला, आई, मला खेळताच येत नाही बहुतेक. सव्वीस वर्षांचा घोडा, आणि रडत होता."

मामांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि तिथेच गुडघ्यावर बसले. भाच्याला सहाव्या वर्षी पहिला चेंडू त्यांनीच आणून दिला होता. त्या पोराने रडावं आणि आपल्याला पत्ताही नसावा, याची त्यांना फार लाज वाटली.

डोळे पुसून पुन्हा कामाला लागले, तेव्हा समोरचा खड्डा त्यांनी नीट पाहिला. दूरच्या खांबापाशी खिळ्यांचे खोल ठसे होते, एकावर एक, एका ताटलीएवढ्या जागेत. उडी मारून माणूस खाली येतो तेव्हा पडतात तसे. हे भाच्याचे. मामा खिळ्यांची चाल ओळखत. समोरच्या संघाच्या बचाववाल्यांचे ठसे त्याच्या अलीकडे, तीन पावलांवर. चेंडू तिथे पडत होता. मामा उठून दुसऱ्या टोकाच्या गोलपाशी गेले. तिथेही तेच. भाचा एका ठरलेल्या जागी, चेंडू तीन पावलं अलीकडे.

भ्यालेला माणूस असा दरवेळी नेमक्या एका जागी उडी मारत नाही, हे मामांना कळत होतं. पोरगा बरोबर जागी होता. मग चेंडू का पोचत नव्हता?

त्यांनी त्या ठशांपासून, चेंडू जिकडून येतो त्या कडेच्या रेषेपर्यंत पावलं मोजली. अठ्ठेचाळीस. तडक सरावाच्या मैदानावर गेले. तिथेही दूरच्या खांबापाशी भाच्याच्या उड्यांनी गवत झिजून ताटलीएवढं टक्कल पडलं होतं, खांबापासून अगदी तितक्याच अंतरावर. त्या टकलापासून त्यांनी कडेची रेषा मोजली. पंचेचाळीस.

"म्हातारा झालो," मामा स्वतःशी म्हणाले आणि पुन्हा मोजली. पंचेचाळीस. दुसऱ्या बाजूला मोजली. तिथेही तीन कमी.

साठवणीच्या खोलीत जाऊन त्यांनी खिळ्यावरची दोरी काढली. सामन्याचं मैदान लीगचे लोक येऊन टेपने मोजून देत. सरावाचं मैदान मात्र मामा दोरीने आखत. मधल्या खुंटीला एक टोक बांधायचं, दोरी ताणायची, दुसरं टोक जिथे पोचेल तिथे कडेची रेषा. आधीच्या मैदानवाल्याने निवृत्त होताना त्यांना दिलेली चौतीस मीटरची दोरी होती ती. आणि तिच्या मधोमध एक गाठ होती.

गाठ दिसताच सगळं आठवलं. हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गवत कापायच्या यंत्रात दोरी गेली होती. पात्याने तिच्या मधल्या तुकड्याचा पार भुगा केला. सकाळी सराव होता, घाई होती. मामांनी भुगा कापून टाकला, दोन टोकं बांधली, रेषा आखली आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात नीट मोजू. तो आठवडा आठ महिने आला नाही. दर वेळी पुसट झालेल्या रेषेवरच फक्की मारत गेले. म्हणजे पोरं आठ महिने अरुंद मैदानावर सराव करत होती. रेषेवरून चेंडू किती जोरात मारायचा हे त्यांच्या पायांनी अरुंद मैदानावर शिकून ठेवलं होतं, आणि सामन्यात रेषा तीन पावलं लांब जायची. कुणाचंच मन कमकुवत नव्हतं. अंगणच वाकडं होतं.

पहिला विचार मनात आला तो कुणाही माणसाला येईल असा. आत्ता टेप घ्यावी, गुपचूप रेषा सरकवाव्यात, दोरी जाळून टाकावी. कोणाच्या बापाला कळतंय? निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. अठ्ठावीस वर्षांत एक रेषा चुकली नाही, हा त्यांचा मोठा तोरा होता, आणि तो सगळा एका गाठीत अडकला होता. त्यांनी टेप हातात घेतलीसुद्धा.

फक्कीचं यंत्र ढकलत निघाले, तर वाटेत सूचनाफलक लागला. रविवारच्या शेवटच्या सामन्याचा संघ कोचने आताच लावला होता. बरोबरी झाली तरी क्लब लीगमध्ये टिकणार होता, हरला तर खालच्या वर्गात. यादीत नऊ नंबर नव्हता. हा सामना हुकला की भाच्याचं या क्लबमधलं नाव संपलं, हे समजायला पंडित लागत नव्हता. आणि तो जन्मभर समजत राहिला असता की आपल्याला खेळताच येत नाही.

मामांनी यंत्र तिथेच सोडलं आणि दोरी खांद्यावर टाकून कोचच्या खोलीचं दार ढकललं.

आत सगळा संघ बसला होता. कोच फळ्यावर लोहचुंबकाचे गोळे सरकवत होता. कोपऱ्यात आकडेवाली होती. प्रत्येक सामन्यातल्या प्रत्येक चेंडूचा हिशेब कॉम्प्युटरमध्ये भरणारी ही मुलगी, पण तिचं ऐकायला कुणाला वेळ नसे. भाचा मागच्या बाकावर, खाली मान घालून.

"मामा, नंतर या," कोच म्हणाला.

"नंतर नंतर करूनच हा घोळ झालाय, साहेब." मामांनी दोरी टेबलावर टाकली. "पोरांकडून गोल होत नाहीत, त्याचं कारण ही दोरी आहे. चूक माझी."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. यंत्र, भुगा, गाठ, तीन पावलं. सांगताना एकदाही भाच्याकडे बघवलं नाही. कोचचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

आकडेवालीने मात्र कॉम्प्युटर मिटला आणि उभी राहिली. "दोरी किती कमी भरते, मामा?"

"मोजायची हिंमत झाली नाही, पोरी."

सगळी वरात बाहेरच्या लांब बोळात गेली. गोलकीपरने दोरीचं एक टोक धरलं, तिने टेप लावली. एकतीस मीटर साठ.

"दोन चाळीस कमी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "सामन्यात आपला कडेचा चेंडू सरासरी दोन मीटर चाळीसने कमी पडतो! ऑक्टोबरपासून सांगतेय मी. तुम्ही म्हणालात, गर्दी बघून पोरांचे पाय लटपटतात."

"आठ महिने," कोच म्हणाला. "आठ महिने मी यांना खोल श्वास घ्यायला लावले." तो भिंतीला टेकला. आता हा फुटणार म्हणून मामांनी मान खाली घातली. पण कोचला हसू फुटलं, रडण्याच्या अगदी शेजारचं. "सगळं मोजलं आपण. झोप मोजली, नाडी मोजली. मैदान नाही मोजलं कुणी! मामा, तुमचं काय करायचं ते हंगाम संपल्यावर बघतो. आधी रेषा नीट करा. आत्ता."

मामा मैदानावर गेले. खुंटीपाशी टेप ठेवली आणि लक्षात आलं की टेप धरायला दुसरा माणूस लागतो. ते इकडेतिकडे बघत असतानाच दुसरं टोक उचललं गेलं. भाचा होता.

दोघांनी एक बाजू मोजली. मग मामांनाच राहवलं नाही.

"तू सांगितलं होतंस मला."

"हो."

"चारचौघांत तुला भित्रा म्हणालो. माझं चुकलं रे. रेषेचं चुकलं ते चुकलंच, पण ते जास्त चुकलं."

"मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय, मामा. रोज वाटायचं."

"तुझ्यात काही बिघडलेलं नाही. तुझ्या खड्ड्यांवरून सांगतो मी. अकरा सामने एकाच जागी उडी मारलीस, तसूभर हलला नाहीस."

भाच्याने नाक ओढलं, टेपला हिसका दिला आणि म्हणाला, "नीट ताण आता. पुन्हा गाठीबिठी नकोत तुझ्या." मामांनी ताणली.

संध्याकाळी फळ्यावर नऊ नंबरचा गोळा परत आला होता.

रविवारी मामा गोलच्या मागे बादली घेऊन बसले. पाच दिवसांत आठ महिन्यांची सवय जात नाही. पहिल्या अर्ध्यात डावीकडचा चेंडू पुन्हा अलीकडे पडला, उजवीकडचा थेट प्रेक्षकांत गेला, आणि मध्येच समोरच्या संघाने एक गोल करून टाकला. लोक उठून जायला लागले. मग दुसऱ्या अर्ध्यात एक चेंडू रेषेवरून निघाला आणि बचाववाल्यांच्या डोक्यांवरून, पार दूरच्या खांबापर्यंत आला. भाच्याने उडी मारली. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

सगळं मैदान हळहळलं. भाचा मात्र मागे वळला, गोलमागे बसलेल्या मामांना त्याने शोधून काढलं आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "पोचला! मामा, पोचला!"

मामांना तेव्हाच रडू आलं, गोल व्हायच्या आधीच. गोल झाला तो सामना संपायला सहा मिनिटं असताना. तीच रेषा, तोच खांब, तीच उडी, आणि या वेळी चेंडू आत. बरोबरी झाली. क्लब टिकला. कोचने आकडेवालीशी सगळ्यांसमोर कडकडून हात मिळवला, आणि मामांना नुसतं म्हणाला, "उद्या नवी टेप घ्या. पोलादी."

सोमवारी सकाळी मामा बादली घेऊन मैदानावर गेले. एकेक खड्डा भरत, दाबत, दूरच्या खांबापाशी आले. भाच्याचे ठसे तिथेच होते, त्याच ताटलीएवढ्या जागेत. फक्त आता बचाववाल्यांचे ठसेही तिथेच, त्याच्याभोवती दाटीवाटीने पडले होते. कारण या वेळी चेंडू तिथे आला होता.

मामांनी मूठभर वाळू घेतली. थोडा वेळ तशीच हातात धरली. मग परत बादलीत टाकली आणि तेवढा एक खड्डा सोडून ते पुढे गेले.