तिचे पंचवीस सेकंद

मी स्टॉपवॉच बोलतोय. चावीचं, गोल, तळहातात मावेल एवढं. डोक्यावर एक बटण आहे. ते दाबलं की मी पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो. आजवर दुसऱ्यांचीच वेळ मोजत आलो, स्वतःविषयी बोलायची वेळ कधी आली नाही. आज बोलतोय, कारण माझ्या हातून एक मोठी चूक झालीय आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एका कारखान्यात, डोळ्याला भिंग लावलेल्या बाईंनी मला जोडलं. माझ्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवताना त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला होता. त्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांपासून सुटे राहिले तरच माझी चाल बरोबर. पुढे मी एका खेळाच्या सरांकडे बारा वर्षं होतो. धावणारी मुलं, शिट्ट्या, धूळ, घामट हात! सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला विद्यापीठाच्या वक्तृत्व मंडळाला देऊन टाकलं. तिथे मी अगदी साहेब झालो. टेबलावर मऊ कापड, त्यावर मी आणि शेजारी घंटी.

मंडळाचा एक जुना रिवाज होता. भाषण कसलंही असो, तीन मिनिटं. घंटी वाजली की तोंडातला अर्धा शब्द तोंडातच ठेवायचा आणि खाली बसायचं. वेळ मोबाइलवर मोजायची नाही, माझ्यावरच मोजायची. या मानाचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू!

घंटीपाशी दोन वर्षं एकच मुलगी बसायची. सगळे तिला टायमरताई म्हणत. ती बोलताना अडखळायची. ‘प’ आणि ‘त’ आले की डोळे मिटायची, शब्द सुटेपर्यंत थांबायची, मग पुढे जायची. म्हणूनच तिला कुणीतरी वेळ मोजायच्या खुर्चीवर बसवलं होतं, म्हणजे बोलायचा प्रश्नच नको. पण मंडळ तिच्या जिवावर चाललं होतं. हॉल मिळवायचा तिने, परीक्षकांना पत्रं लिहायची तिने, नव्या मुलांची भाषणं तपासून द्यायची तीच. मला रोज चावी द्यायची आणि वेगळ्या खणात ठेवायची. लाउडस्पीकरजवळ मला कधी ठेवायचं नाही, त्यातल्या चुंबकाने घड्याळ बिघडतं, असं ती सगळ्यांना बजावून सांगायची.

शेवटच्या वर्षाला ती मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभी राहिली. समोर होता एक उंच, हसरा मुलगा. त्याला सगळे मंत्रीसाहेब म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. मुलगा वाईट नव्हता हो, पण मंडळाच्या कपाटाची किल्ली कुठे असते हेही त्याला ठाऊक नव्हतं. बोलायला मात्र फर्डा. लोकांनी टायमरताईला समजावून पाहिलं. तिच्या आईने तर फोनवर विचारलं की, चारचौघांत हसं करून घ्यायची हौस का आलीय तुला? ती म्हणाली, “दोन वर्षं मी सगळ्यांचं ऐकलं. आता तीन मिनिटं माझं ऐका म्हणावं.”

मग सुरू झाली तयारी. रिकाम्या खोलीत मला समोर ठेवून ती रोज दुपारी भाषण म्हणायची. पहिल्या दिवशी चार मिनिटं दहा सेकंद लागले. तिने वाक्यं कापली, अवघड शब्द बदलले, कुठे अडणार ते हेरून तिथे आधीच थांबा ठेवला. अकराव्या वेळी दोन मिनिटं चोपन्न सेकंद, अडखळण्यासकट! त्या दिवशी तिने मला ओढणीने पुसलं आणि एकटीच हसली.

उमेदवाराने स्वतः वेळ मोजायची नाही, म्हणून निवडणुकीच्या दिवशी मी तिच्या मावसबहिणीच्या हाती गेलो. ही दोन वर्षांनी लहान, ताईवर जीव टाकणारी, पण भारी धांदरट. हॉलमध्ये यादी चिकटवायला तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून तिने मला मोठ्या लाउडस्पीकरवर ठेवलं आणि विसरून गेली. तासभर मी तिथेच होतो. पोटातल्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले आणि मी भलत्याच जोरात पळू लागलो. मूर्ख मी! मला वाटलं, आज आपण खुशीत आहोत.

मंत्रीसाहेबांनी नेहमीसारखं दोन मिनिटांत आटोपलं आणि टाळ्या घेतल्या. मग ती उठली. ठरवल्याप्रमाणे थांबत, डोळे मिटत, एकेक शब्द सोडवत ती इतकी छान बोलत होती की सगळा हॉल कान देऊन ऐकत होता, मागचे पंखेसुद्धा मोठ्याने फिरताहेत असं मला वाटलं. शेवटच्या दोन वाक्यांपर्यंत ती आली आणि माझा काटा तीनवर पोचला. मावसबहिणीने घंटी वाजवली.

खरं तर दोन मिनिटं पस्तीस सेकंदच झाले होते.

ती वाद घालू शकली असती. पण दोन वर्षं तिनेच इतरांना अर्ध्या शब्दावर बसवलं होतं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेत माझ्यावर शंका नव्हती, स्वतःवर होती. ती खाली बसली. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा ती सहा मतांनी हरली. बाहेर पडताना मुलं बोलत होती की चांगली आहे, पण साधं भाषण संपवता येत नाही, सभा काय चालवणार?

त्यानंतर ती मंडळात आली नाही. मावसबहीणच वेळ मोजू लागली. महिन्याभरात मार्गदर्शक सरांच्या लक्षात आलं की हल्ली कुणाचंच भाषण पुरं होत नाही. त्यांनी तिला घड्याळजीकडे पाठवलं. त्याने माझ्याजवळ होकायंत्र धरलं, त्याची सुई गर्रकन वळली. “लाउडस्पीकरजवळ ठेवलं होतंत का हे?” त्याने विचारलं. “चुंबक लागलंय. तीन मिनिटांत पंचवीस सेकंद पुढे पळतंय.” मला एका यंत्रातून काढलं आणि दोन मिनिटांत मी बरा झालो. पोरीचा चेहरा मात्र पांढरा पडला.

तरी ती गप्प राहिली. आज सांगू, उद्या सांगू करत दोन महिने गेले. मी तिला दोष देत नाही. मी तरी कुठे काही बोलू शकलो? नीट चालत होतो आणि प्रत्येक टिकटिक मला खात होती.

शेवटी गेल्या आठवड्यात ती मला मुठीत धरून हॉस्टेलवर ताईच्या खोलीत गेली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. म्हणाली की मी सरांकडे जाते, पुन्हा मतदान घ्यायला लावते. टायमरताईने मला तिच्या मुठीतून काढून घेतलं. मला वाटलं, आता उचलून भिंतीवर आपटणार. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तिने फक्त विचारलं, “म्हणजे मी वेळेत होते?”

“होतीस ताई. पंचवीस सेकंद उरले होते.”

ती पलंगावर बसली. म्हणाली, “मला वाटलं, माझ्या जिभेनेच वेळ खाल्ला. परवा नोकरीची मुलाखत होती माझी. बोलावं लागेल म्हणून मी गेलेच नाही गं.”

मत पुन्हा घेता येतं, ती मुलाखत नाही. यापुढे मी कितीही अचूक चाललो तरी तो दिवस तिला परत देऊ शकत नाही. म्हणून तुमच्यापुढे हात जोडतोय, मला हात नसले तरी. कुणी अडखळत, थांबत बोलत असेल आणि तुम्ही त्याला म्हणणार असाल की वेळ संपली, तर आधी घड्याळ तपासा. आम्हीही चुकतो. आणि आमचं चुकलेलं माणसं स्वतःच्या नावावर घेऊन गप्प बसतात.