औषध नव्हे, कृपा

माझ्या थोरल्याचं वागणं मला कधी पटलंच नाही. विजेच्या मोटारी दुरुस्त करतो, तारेला हात लावायच्या आधी दहादा बघतो, आणि कुणी डोळे मिटून बोललं की हा लगेच हात जोडतो!

त्या दिवशी फुंकरबाबा ज्या गोदामात दरबार भरवायचा, तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. थोरल्यानं माझ्या धाकटीला पुढे उभं केलं. तिला फिट येते, पण महिनाभर आली नव्हती.

"डॉक्टरांना सात वर्षांत जमलं नाही, ते माझ्या पुडीनं महिन्यात केलं!" बाबा गरजला. "पण पुडीला औषध म्हणायचं नाही हं! म्हणाल तर गुण जाईल. ही कृपा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटी उभ्या उभ्या डुलत होती.

"बघा, आत्मा शांत झाला!" बाबा म्हणाला.

"शांत कसला? पेंगतेय ती," मी म्हणाले.

"आई, गप्प बस. चौथी नापास तू, तुला काय कळतं?" थोरला खेकसला.

चौथी नापास आहे, आंधळी नाही.

तीन दिवसांनी सकाळी धाकटी उठेचना. हाका मारल्या, चिमटे काढले, तोंडावर पाणी मारलं. श्वास तेवढा चालू, तोही रेंगाळत. तशीच उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कागद हातात घेऊन धावत आल्या.

"मी फिटची एकच गोळी दिलीय. हिच्या रक्तात दुसरंही औषध आहे, तेही भरमसाट. आणखी काय चालू आहे?"

"काही नाही," थोरला म्हणाला.

"नीट आठवा. हिचा जीव त्यावर आहे."

"आईशप्पथ, दुसरं कुठलंच औषध नाही!"

आणि तो खोटं बोलत नव्हता! बाबानं तो शब्दच त्याच्या तोंडातून काढून घेतला होता. माझ्या डोक्यात लख्ख झालं. थोरल्याच्या खिशात हात घातला आणि पुडी टेबलावर आपटली. "ही घ्या कृपा. रोज दोनदा चाटवतो."

पुडी तपासली. निघालं काय? फिटचंच जुनं, झोप आणणारं औषध, राखेत कुटून घातलेलं.

"म्हणून फिट थांबली," बाई म्हणाल्या. "पण माझी गोळी सोबत असली की ते अंगातून लवकर बाहेर पडत नाही, साचत जातं. ही दोन औषधं एकत्र द्यायची तर मात्रा मोजावी लागते, रक्त तपासावं लागतं. आणि आता मनानं काही बंदही करू नका. एकदम थांबवलं तर फिट उसळेल. कमी कसं करायचं ते मी ठरवीन."

दोन दिवस मी त्या खाटेपासून हलले नाही. तिसऱ्या दिवशी धाकटीनं डोळे उघडले आणि "भूक लागलीय" म्हणाली. थोरला बाहेर जाऊन बाकावर रडत बसला.

लोकहो, तोंडात जाणाऱ्या वस्तूला काहीही नाव द्या, पण डॉक्टरांपासून लपवू नका. आणि जो लपवायला सांगतो, त्याच्या दारात पाऊल टाकू नका.

मी थोरल्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "तुझी माया खरी, पण अक्कल उसनी. गुन्हेगार तो बाबा, हलगर्जी तू. तिथं अजून शंभर घरं पुड्या नेतायत. रडून झालं असेल तर तोंड धू. गोदामात जाऊन सगळ्यांसमोर हे तू सांगायचंस, तुझ्या तोंडानं."