टपालमावशींच्या मांडीवरचा व्रण

मित्रांनो, मी एक जुना व्रण आहे. उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेपासून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत माझा मुक्काम असतो. डाव्या मांडीवर माझा जुळा भाऊ राहतो. आमची मालकीण टपाल वाटते. सगळी वस्ती तिला टपालमावशी म्हणते.

पूर्वी मावशींचे वजन फार होते. जिभेला लगाम घालून, घाम गाळून त्यांनी ते उतरवले. वजन गेले, पण ताणलेली कातडी जागची हलली नाही. रिकाम्या पिशवीसारखी ती मांड्यांवर लोंबत राहिली. जिने चढताना मांडीला मांडी घासून सालटे निघत. संध्याकाळी मावशी भिंतीचा आधार घेत घरात शिरत आणि आधी मलमाची डबी शोधत.

शेवटी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "नळीने चरबी ओढून तुमचं काम होणार नाही, कारण कातडीच सैल आहे. जांघेत छोटा काप घेतला, तर व्रण झाकला जाईल. पण वरचाच भाग सावरेल. गुडघ्यापर्यंतची कातडी काढायची, तर काप लांब हवा. तो व्रण फिका होईल, पण पुसला जाणार नाही."

मावशींचे यजमान हळूच म्हणाले, "अगं, झाकला जाईल असाच घे ना. लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या मांड्या घासतात का? माझ्या घासतात. लांबच घ्या, डॉक्टर."

असा माझा जन्म झाला. भाऊ गुणी निघाला, निमूटपणे भरून आला. मी मात्र जांघेजवळ उसवलो. तिथे घाम फार, हालचाल फार. मावशींच्या तोंडचे पाणी पळाले. "चुकलंच का हो माझं?" त्यांनी विचारले. आधी कां-कूं करणारे यजमान आता रोज माझी मलमपट्टी करू लागले. "चुकलं काय त्यात? हा जरा हट्टी आहे, इतकंच," ते म्हणत. सूज उतरावी म्हणून मांड्या घट्ट आवळून धरणारी विजार मावशींना अंगावर वागवावी लागली. हळूहळू मीही मिटलो. आधी लालभडक होतो, मग गुलाबी झालो, मग फिका पडलो.

तरी मावशी आम्हाला लांब पायघोळ कपड्यांत झाकून ठेवत. अंधाराचा कंटाळा आला होता, खरे सांगतो.

मग शहरातल्या सर्वांत उंच इमारतीत जिने चढण्याची शर्यत जाहीर झाली. टपाल कचेरीने मावशींचे नाव परस्पर देऊन टाकले. स्पर्धकांना पोशाख मिळाला तो आखूड चड्डीचा! मावशी आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चला रे दोघे."

खाली रांगेत कुणीतरी विचारलेच, "अपघात झाला होता का?"

"छे! हौसेने करून घेतलंय," मावशी म्हणाल्या, आणि शिट्टी वाजली.

मित्रांनो, काय धावल्या मावशी! मजल्यामागून मजले मागे पडत गेले. मी ताणला जात होतो, घामाने निथळत होतो, पण कुठे घासणे नाही, सोलणे नाही. पुढे फक्त अग्निशमन दलातली एक उंच बाई उरली होती. गच्चीच्या दारापाशी मावशींनी तिलाही गाठले आणि खांदाभर आघाडी घेऊन त्या उन्हात आल्या. यजमान लिफ्टने आधीच वर पोचले होते. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता.

छायाचित्रकार अवघडून म्हणाला, "ताई, पायांवर टॉवेल घेता का?"

"कशाला? ह्या दोघांसकट काढा!"

मित्रांनो, तुमच्या अंगावर माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला कोवळेपणी ओढू-खाजवू नका, कडक उन्हापासून जपा, हळुवार तेल लावा. दुसऱ्याच्या अंगावर दिसला, तर कुजबुजू नका. सरळ विचारा. ऐकण्यासारखी हकिगत आमच्यापाशी नक्की असते. माझी तर त्या छायाचित्राच्या रूपाने टपाल कचेरीच्या दर्शनी भिंतीवर, चांगली मोठी करून, चौकटीत लावली आहे.