बर्तलां वकिलाचे अश्रू

मी एक जुना छापील कागद आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर एका वकिलाची टिंगल छापलेली आहे. पॅरिसमध्ये गुळगुळीत दगडावर माझं चित्र काढलं, त्यावरून मला छापलं, आणि रंग भरणाऱ्या बायकांनी खिदळत वकिलाच्या नाकाला शेंदरी रंग फासला. चित्रात फिर्मां बर्तलां वकील कोर्टात एका विधवेसाठी एका हाताने डोळे पुसत ढसाढसा रडतोय आणि दुसऱ्या हाताने हळूच खिशातलं घड्याळ काढून बघतोय.

दुकानाच्या काचेत मला टांगलं तेव्हा काय गर्दी लोटली! "अगदी तोच की हो! सोंगाड्या!" लोक पोट धरून हसत होते.

त्या गर्दीत एकदा फिर्मांची आई शिरली, खेड्यातली म्हातारी उर्स्यूल. तिच्या गावी फेरीवाले संतांची नाहीतर राजाची चित्रं विकत. लेकाचं चित्र छापलंय म्हणजे लेक मोठा झाला, एवढंच तिला कळलं. डोळे अधू, घड्याळ दिसलंच नाही. तिने मला विकत घेऊन गावी नेलं आणि खळ लावून पलंगाच्या वर, संत निकोलसच्या शेजारी चिकटवलं. माझा तर ऊरच भरून आला.

फिर्मांच्या कानावर हे गेलं नि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ईस्टरला तो तावातावाने आला. आई अंथरुणाला खिळलेली. त्याने चाकू काढला.

"आई, हे खरवडून टाकतो. लोक हसतात गं."

"हसू देत मेले! हात लावशील तर खबरदार." मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाप गेला तेव्हाही तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, फिर्मां. वाटायचं, माझं पोर दगड निघालं. आणि इथे बघ, परक्या बाईसाठी रडतोयस. आता मी सुखाने डोळे मिटीन."

आता हा सगळं सांगणार, असं मला वाटलं. पण त्याने चाकू मिटला, भिंतीला, म्हणजे मलाच, कपाळ टेकलं, आणि माझा शेंदरी रंग भिजून खाली ओघळला.

म्हातारी गेल्यावर त्याने मला भिंतीच्या गिलाव्यासकट कापून नेलं. आज मी संग्रहालयात आहे. इथली माणसं म्हणतात, "हा ओघळ साफ करून टाकू या."

मित्रांनो, जुन्या कागदांना उन्हापासून, वाळवीपासून जपा. पण माझा तो ओघळ तेवढा पुसू नका. माझ्यावर खरं रडणं तेवढंच आहे.