भागीबाईंची बादली आणि माझी पट्टी

मित्रांनो, सायखेड्याच्या डॉक्टर रंगनाथांच्या दवाखान्यातलं मी एक जुनं ईसीजी यंत्र. १९९४ साली आले तेव्हा माझा काय थाट होता! छातीला रबरी फुगे आणि हातापायांना चिमटे लावले की हृदयाची धडधड मी कागदी पट्टीवर उतरवत असे. पेशंट मात्र आधी विचारायचे, "डाक्टर, शाक नाय ना बसायचा?"

माझी खरी फजिती केली सिंधुबाईने. कांदे काढता काढता अचानक तिची छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सासू भागीबाई म्हणायची, "कामाच्या वक्ताला बरं धडधडतं!" आणि सुनेचं तोंड थंड पाण्याच्या बादलीत बुडवायची. धडधड थांबायची. "बघा, पाणी लागलं का नाटक उतरतं," असं म्हणत मग ती सुनेला माझ्यापुढे आणायची. माझी पट्टी शहाण्या मुलासारखी निघायची, दोष म्हणून काही नाही! तीन वर्षांत चार वेळा असं झालं. "आता परत धडधडलं, तर माहेरीच धाडते," भागीबाईने बजावलं. मी खोटं लिहीत नव्हते हो, पण त्या बिचारीला खोटं पाडत होते.

नेमकी भागीबाई वणीला देवीला गेली असताना पुन्हा धडधड सुरू झाली. शेजारच्या पुंजाने सिंधुबाईला लुनावर बसवून थेट दवाखान्यात आणलं. मला चालू केलं आणि माझी सुई जी पळत सुटली! मिनिटाला एकशे नव्वद ठोके!

"सापडलं!" डॉक्टर आनंदाने ओरडले. पेशंट घाबरली आहे, हेही ते विसरले. मग त्यांनी थंड पाण्याची बादली मागवली आणि तिला तोंड बुडवायला सांगितलं.

"अवो, तुमी बी सासूबाईंवानीच करता का?" सिंधुबाई धापा टाकत म्हणाली.

तिने तोंड बुडवलं आणि ठोके जागेवर आले. डॉक्टर म्हणाले, "ताई, सासूबाई शिक्षा समजून इलाजच करत होत्या. तुमच्या हृदयातली वीज मधूनच चुकीच्या वाटेने फिरते, थंड पाण्याने ती वाटेवर येते; म्हणूनच इथे पोचेपर्यंत पट्टी साफ निघायची. हा आजार आहे, नाटक नाही. गोळ्या देतो, नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवू."

दोन दिवसांनी भागीबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आली. पट्टी उलटसुलट पाहून म्हणाली, "मंग इतके दिस हिला मीच बरी करीत व्हते ना?"

सगळे हसले. सिंधुबाईला मात्र रडू फुटलं. भागीबाई गडबडली. पदराने सुनेचे डोळे पुसत म्हणाली, "चुकलं माझं, पोरी."

आता नवं यंत्र आलंय, मी कपाटात असते. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण छाती धडधडते असं कुणी सांगितलं, तर माझ्या पट्टीवर काही दिसलं नाही म्हणून त्याला खोटं ठरवू नका. मी समोर असतं तेवढंच लिहिते. बाकीचं त्या माणसालाच विचारावं लागतं.