हळू आवाजाचा वर्ग

“बँड नको, मोतीलालभाऊ,” चारुलताबाई पुन्हा म्हणाल्या. “हार घाला, नारळ द्या. वाजवू नका.”

सरपंच हसले. “बाई, तुमना निरोप शे का मयत? एक पोरगीना करता बठ्ठा गाव मुका ऱ्हाई का?”

“राहू दे सगळा गाव मुका, एक दिवस.”

नरडाण्याजवळच्या छोट्या शाळेत चारुलताबाईंच्या वर्गात कनीज आली, तेव्हा मुलांनी पाढे सुरू केले की ती किंचाळत बाहेर पळे. बाईंनी मग घंटा बंद केली. मधली सुट्टी झाली की त्या फळ्यावर सूर्य काढत. पाढे कुजबुजत म्हणायचे, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात वर करून नुसती बोटं हलवायची. मुलांना तो खेळच वाटे. कनीजच्या मांडीवर बाई सरकीची थैली ठेवत. त्या वजनाने तिची आखडलेली मान सैल पडे.

तिचा बाप नूर महंमद लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवी. मुलीपायी वाद्य तो कधी घरी आणत नसे, मालकाच्या दुकानातच ठेवी. बाईंनी त्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, “आता दिवसभर वर्गात बसते तुमची कनीज.” कशी बसते, ते सांगायचं राहून गेलं. बँडवाल्या बापाला ते कोणत्या शब्दांत सांगावं, हेच त्यांना उमगलं नव्हतं.

निरोपाच्या दिवशी सरपंचांनी बाईंचं ऐकलं, बँड बोलावला नाही. बाईंच्या खांद्यावर शाल पडली, मुलांनी हवेत बोटं हलवली. कनीजनेही हलवली.

तेवढ्यात नूर महंमद दारात आला. इस्त्री केलेला लाल कोट, हातात ट्रम्पेट.

“नूरभाई, नको!” बाई उठल्या.

“रोकू नका, बाई. तुम्हीच तर बरी केली तिला. एकदा तरी ऐकू द्या, तिचा अब्बा काय वाजवतो ते.”

त्याने डोळे मिटले आणि वाद्य ओठांना लावलं. वर पत्र्याचं छप्पर होतं. पहिल्याच सुराला कनीज जमिनीवर पडून डोकं आपटू लागली. बाईंनी दंड धरून हलवलं तेव्हा कुठे तो थांबला. त्याने मुलीकडे पाहिलं आणि ट्रम्पेट पाठीमागे लपवला.

त्यानंतर कनीज शाळेत गेली नाही. शाळेचा रस्ता दिसला तरी ती थरथरे.

धुळ्याला बिऱ्हाड हलवण्याआधी बाई तिच्या घरी गेल्या. चपला त्यांनी लांबच काढल्या. अंगणात नूर महंमद बसला होता.

“बाई, तुम्ही आधी बोलला असता तर...”

आत कनीज परातीतल्या तांदळात बोटाने रेघा ओढत होती. बाई दारात नुसत्या उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

कनीजने वर पाहिलं. बाईंना ओळखलं. आणि दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले.